अब्बांचे घड्याळ मागे पडले तेव्हा

गेल्या रमजानमधील गोष्ट. मशिदीच्या वेळापत्रकात त्या दिवशी सहरीची अखेर 5 वाजून 24 मिनिटांनी होती. आम्ही सर्वांनी जेवण उरकले होते आणि फजरच्या तयारीला लागलो होतो. अम्मी नेहमीप्रमाणे आपल्या खोलीत गेल्या. रक्तदाबाची गोळी त्या अगदी शेवटी घेतात, म्हणजे दिवसभर तिचा असर राहतो, असे त्यांचे म्हणणे. उशाशी मरहूम अब्बांचे मनगटी घड्याळ असते. त्यात पाहून त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाण्याचा पेला ओठांना लावला आणि तोच मशिदीतून अजान सुरू झाली.

आमच्याकडे सहरी संपल्यावर पाच मिनिटांनी अजान होते. म्हणजे 5 वाजून 29 मिनिटे झाली होती. अब्बांच्या घड्याळात 5 वाजून 18 मिनिटे दिसत होती. घड्याळ अकरा मिनिटे मागे होते आणि अम्मी समजत होत्या की अजून सहा मिनिटे हातात आहेत.

फजरनंतर इमाम साहेबांना विचारले. त्यांनी सांगितले की वेळ शिल्लक आहे या समजुतीने घडले, त्यामुळे गुनाह नाही. पण आज दिवसभर रोजेदारासारखेच राहावे आणि ईदनंतर एक कझा रोजा ठेवावा. अम्मींनी मान डोलावली. रोज्याचे त्यांना ओझे नव्हते. त्यांना लागले ते दुसरेच. त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, तुझ्या अब्बांचे घड्याळ कधी खोटे बोलले नव्हते."

दोन दिवसांनी घड्याळ पूर्ण बंद पडले. आमचा मुलगा म्हणाला, "दादी, मोबाईलवर मागवतो. दोनशे रुपयांत नवे येईल." अम्मींनी घड्याळ ओढणीच्या टोकाने पुसले आणि पुन्हा उशाशी ठेवले. काही बोलल्या नाहीत. ते घड्याळ आमच्या चाचांनी कुवेतहून पहिल्यांदा सुट्टीवर येताना आणले होते. आखाताची नोकरी लागलेल्या प्रत्येक घराला अशी एक आठवण असते. कुणाकडे घड्याळ, कुणाकडे टेप रेकॉर्डर, कुणाकडे ब्लँकेट. अब्बांनी ते पंचवीस वर्षे वापरले. पाच वक्तांच्या नमाजा, पंचवीस रमजान, आमच्या परीक्षा, बहिणींचे निकाह, सारे त्याच घड्याळावर झाले.

आम्ही ते दुरुस्त करण्याचे ठरवले. त्यात आमच्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीतून बरेच काही शिकायलाही मिळाले. घरोघरी कपाटात अशी बंद घड्याळे पडून असतात, म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आत चालते तरी काय?

जुन्या चावीच्या घड्याळात स्प्रिंग असे. रोज चावी द्यायची, स्प्रिंग उलगडत जाई आणि काटे फिरत. क्वार्ट्झ घड्याळात स्प्रिंगच्या जागी सेल आला आणि चालीला शिस्त लावण्याचे काम क्वार्ट्झच्या स्फटिकाकडे गेले. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा पदार्थ. वाळूच्या कणांतही तो असतो. 1880 मध्ये फ्रान्सच्या पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी दाखवून दिले की अशा काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांत वीज निर्माण होते. याच्या उलटही घडते. वीज दिली की स्फटिक थरथरतो. मनगटी घड्याळातला स्फटिक दोन बोटांच्या चिमट्यासारखा कापलेला असतो आणि भाताच्या दाण्यापेक्षा बारीक धातूच्या नळीत बंद केलेला असतो. तो एका सेकंदात 32,768 वेळा थरथरतो.

हा आकडा सहज निवडलेला नाही. 32,768 ची निम्मे करा, 16,384 येतात. पुन्हा निम्मे, 8,192. असे पंधरा वेळा निम्मे करीत गेले की बरोबर 1 उरतो. घड्याळातली इवलीशी चिप हेच काम करते. पंधरा वेळा निम्मे करून ती सेकंदाला एक विजेचा ठोका तयार करते. तो ठोका तांब्याच्या अत्यंत बारीक तारेच्या गुंडाळीत जातो. या गुंडाळीला कॉइल म्हणतात. कॉइलमुळे चुंबक तयार होतो, शेजारची मोहरीएवढी चुंबकी चकती अर्धा फेरा घेते आणि दातेरी चाकांच्या साखळीतून सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. आपण ऐकतो ती टिकटिक हीच.

असे पहिले मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीने 25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत विक्रीस आणले. त्याची किंमत 4,50,000 येन होती. आज तेच तंत्र शे-दोनशे रुपयांच्या घड्याळात मिळते. आपल्याकडे एचएमटीची मनगटी घड्याळे 1961 पासून बंगळुरूत बनू लागली, ती बहुतेक चावीची. क्वार्ट्झ घरोघरी पोहोचले ते 1980 नंतरच्या दशकात, थोडे आखातातून आणि थोडे तामिळनाडूतल्या होसूरच्या टायटनच्या कारखान्यातून.

बंद पडण्याची कारणे

पहिले कारण अगदी साधे. चावी, म्हणजे बाजूचे बटण, बाहेर ओढलेले राहते. वेळ लावताना ते ओढतात आणि दाबायचे विसरतात. बाहेर असेपर्यंत घड्याळ मुद्दाम थांबलेले असते. दुकानात जाण्याआधी एवढे नक्की पाहावे.

दुसरे कारण सेल. चांगला सेल दोन ते तीन वर्षे चालतो. काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दर सेकंदाला न हलता दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांची उडी मारू लागतो. वेळ बरोबरच असते, फक्त सूचना मिळते की आता सेल बदला. पण सगळ्याच घड्याळांत ही सोय नसते.

तिसरे कारण आत गेलेला ओलावा, धूळ किंवा वाळलेले तेल. चाके जड होतात. ठोका येतो, पण चाक हलवण्याइतके बळ त्यात उरत नाही. मग एखादा ठोका वाया जातो, पुन्हा दहा ठोके बरोबर पडतात, पुन्हा एक वाया जातो. काटा फिरताना दिसतो आणि वेळ मात्र मागे राहते. आमच्या घरी हेच घडले होते. पूर्ण बंद पडलेले घड्याळ कुणाला फसवत नाही. मागे पडणारे घड्याळ फसवते.

चौथे कारण सेल गळणे. संपलेला सेल तसाच आत राहिला की त्यातून क्षार बाहेर येतो आणि पितळी पट्टीवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. वीज पुढे जाईनाशी होते.

पाचवे कारण कॉइल तुटणे. ते सहसा आपोआप घडत नाही. माणसाच्या हाताने घडते.

आमची चूक

आम्ही शाळेत मुलांना प्रयोग शिकवतो, तेव्हा घड्याळाचा सेल बदलणे काय कठीण, असे वाटले. मागचे झाकण दाबून बसवलेले होते. कडेला एक बारीक खाच असते, तिथे बोथट पातीचा चाकू घालून हलके वळवले की झाकण निघते. काही झाकणे आट्यांची असतात, त्यांना वेगळा पाना लागतो. काहींना चार बारीक स्क्रू असतात. झाकण निघाले. सेलवरचा आकडा वाचला आणि बाजारातून दहा सेलची पट्टी आणली. एका दुकानात वीस रुपयांना मिळाली. स्वस्त पडले म्हणून आनंद झाला.

सेल घालताच घड्याळ सुरू झाले. अम्मींच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. तीन दिवस छान चालले आणि चौथ्या दिवशी थांबले. पुन्हा उघडले, तर पट्टीखाली पांढरी पूड दिसली. ती खरवडण्यासाठी आम्ही शिवणाची सुई घेतली. पूड निघाली, पण सुई घसरली आणि तांब्याच्या त्या चकचकीत गुंडाळीला लागली. डोळ्यांना काहीच दिसले नाही. नवा सेल घातला, घड्याळ हलेना. दुसरा घातला, तरी हलेना.

त्या रात्री तरावीहहून येताना आम्हाला स्वतःचीच लाज वाटत होती. सेल संपल्यामुळे बंद पडलेली वस्तू आम्ही हौसेपोटी खरोखर बिघडवून ठेवली होती. अम्मींना सांगायचे धाडस झाले नाही. "दुकानात दाखवतो," एवढेच म्हणालो.

कारागिराचे एक वाक्य

एसटी स्टँडसमोर एका चाचांची घड्याळाची टपरी आहे. काचेच्या पेटीमागे ते बसलेले असतात, एका डोळ्याला भिंग. पूर्वी त्यांच्याकडे रांग असे. आता मोबाईलच्या काळात दिवसाला चार-पाच गिऱ्हाइके येतात.

त्यांनी घड्याळ उघडले, भिंगातून पाहिले आणि आधी सेल काढला. "सर, हा एलआर आहे. ह्यात एसआर पाहिजे." आम्हाला फरक ठाऊक नव्हता. त्यांनी समजावले. दोन्ही सेल मापाला सारखेच. 626 आकड्याचा सेल साडेसहा-सात मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. पण एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचा सेल. तो 1.55 व्होल्ट देतो आणि शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच दाब टिकवतो. एलआर म्हणजे अल्कलाइनचा. त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि संपल्यावर तो गळण्याची शक्यताही अधिक. खेळण्याला तो चालतो. घड्याळात मात्र दाब उतरला की ठोके वाया जाऊ लागतात.

आधीचा सेलही एलआरच होता. दोन वर्षांपूर्वी कुठेतरी जाता जाता आम्हीच तो बदलून घेतला होता. म्हणजे अम्मींच्या त्या अकरा मिनिटांचा हिशेब अब्बांच्या घड्याळाकडे नव्हता, आमच्या घाईकडे होता.

मग चाचांनी मीटरच्या दोन सुया कॉइलच्या टोकांना लावल्या. चांगल्या कॉइलला मीटरवर आकडा येतो. आमच्या घड्याळात काहीच आला नाही. त्यांनी वर पाहिले. "कॉइल तुटली. कुणी टोचले का?"

आम्ही खरे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "तार केसापेक्षा बारीक असते, सर. आधी आणले असते तर नुसती साफसफाई आणि सेल, एवढेच काम होते. आता मशीन बदलावे लागेल."

हे वाक्य त्यांनी बोलायची गरज नव्हती. झाकण लावून "मशीन गेले" म्हणाले असते तरी आम्ही पैसे दिलेच असते. आतले आम्हाला काय कळणार? घड्याळाचा कारागीर, गाडीचा मिस्त्री, शिंपी, डॉक्टर यांच्याकडे आपण वस्तू किंवा देह सोपवतो आणि आत काय झाले हे त्यांच्या शब्दावर मानतो. ती अमानत असते. व्यवहारातली सचोटी नमाज-रोज्याइतकीच दीनचा भाग आहे, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. त्या दुपारी ते टपरीवर पाहायला मिळाले.

मशीन कोणतेही चालत नाही. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या छिद्रांत बसावे लागतात. काट्यांची छिद्रे आणि मशीनच्या दांड्या जुळाव्या लागतात. तारखेची खिडकी योग्य जागी यावी लागते. चाचांनी मुंबईहून जुळणारे मशीन मागवले. आठ दिवस लागले. मशीन, एसआर सेल, झाकणाखालचे नवे रबरी वॉशर आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये झाले. जुने मशीन त्यांनी कागदात गुंडाळून परत दिले. "तुमची वस्तू आहे," म्हणाले.

अम्मींचे उत्तर

घरी येऊन आम्ही सगळे सांगून टाकले. सुईचे, कॉइलचे, स्वस्त सेलचेही. आतले मशीन आता अब्बांच्या वेळचे नाही, हेही सांगितले. अम्मी घड्याळ कानाशी नेऊन थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या अब्बांनीही ह्याची काच दोनदा बदलली होती, पट्टे तर किती बदलले. ते मशीन सांभाळत नव्हते बेटा, वक्त सांभाळत होते."

आम्हाला बोलायला काही उरले नाही. मुलगा शेजारी उभा होता. त्याने आपला मोबाईल काढला आणि त्यातली वेळ पाहून घड्याळ सेकंदापर्यंत लावून दिले. नव्या घड्याळाची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

वक्त सांभाळणे हा आपल्या दीनचा पाया आहे. नमाज ठरल्या वेळेला बांधलेली आहे. सूरह अल-अस्रची सुरुवातच काळाच्या शपथेने होते. म्हणूनच मोठ्या मशिदींत पूर्वी मुवक्कित नेमलेला असे. नमाजांच्या वेळा काढणे हेच त्याचे काम. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हे खगोलशास्त्रज्ञ या पदावर होते. त्यांनी 1371 मध्ये तिथल्या मिनारासाठी मोठे सूर्यघड्याळ तयार केले. त्याआधी 1206 मध्ये अल-जझरी यांनी आपल्या ग्रंथात पाण्यावर चालणाऱ्या हत्तीच्या घड्याळाची रचना सविस्तर मांडली. त्या लोकांनी वेळेसाठी एवढी मेहनत घेतली आणि आपल्याला दर दोन वर्षांनी एक चांगला सेल बदलायचा कंटाळा येतो.

घरच्यांसाठी काही गोष्टी

चांगले क्वार्ट्झ घड्याळही महिन्याला पंधरा-वीस सेकंद मागे-पुढे होऊ शकते. तेवढे क्षम्य आहे. आठवड्यात मिनिटाचा फरक पडू लागला तर ती आजाराची खूण समजावी. जुम्म्याच्या दिवशी घरातली घड्याळे एकदा मोबाईलच्या वेळेशी ताडून पाहण्याची सवय ठेवावी, आणि रमजानपूर्वी तर नक्कीच. सहरी अखेरच्या मिनिटापर्यंत न ताणता चार-पाच मिनिटे आधी आटोपणे हीच खरी एहतियात.

सेल बदलताना एसआर मागावा आणि झाकण लावण्याआधी आकडा स्वतः वाचावा. बंद घड्याळ कपाटात ठेवायचे असेल तर सेल काढून ठेवावा. घरी सेल बदलायचाच असेल तर प्लॅस्टिकचा चिमटा वापरावा, सेलच्या दोन्ही बाजू धातूने एकाच वेळी जोडू नयेत आणि तांब्याच्या गुंडाळीच्या आसपास काहीही नेऊ नये. पूड दिसली तर तिथेच थांबावे आणि कारागिराकडे जावे.

वुजू करताना घड्याळ काढावे किंवा सैल करून पाणी खाली पोहोचेल असे पाहावे. झाकणावर 30 मीटर लिहिलेले असले म्हणजे ते घालून पोहता येते असे नाही. हात धुताना उडणारे शिंतोडे ते सोसते, एवढाच त्याचा अर्थ. गरम पाण्याची वाफ वॉशरचा शत्रू आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. काढलेले सेल घरात इकडेतिकडे टाकू नका. लहान मूल ते तोंडात, नाकात किंवा कानात घालते. ओल्या जागी सेलमधून वीज वाहते आणि आतली त्वचा भाजते. रिमोट आणि वजनकाट्यातले मोठे, नाण्यासारखे लिथियम सेल तर अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर इजा करू शकतात. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता तडक रुग्णालय गाठावे. जुने सेल चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर ठेवावेत आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावेत.

अब्बांच्या घड्याळाचे जुने मशीन आम्ही शाळेत नेले. आठवीच्या मुलांनी भिंगातून कॉइल पाहिली, तुटलेले टोक शोधून काढले आणि फळ्यावर 32,768 चे पंधरा वेळा निम्मे केले. शेवटी 1 आला तेव्हा वर्गात आनंदाचा गलका झाला. कुणी तोडली, असे एका मुलीने विचारले. आम्ही खरे उत्तर दिले.

शव्वालमध्ये अम्मींनी तो कझा रोजा ठेवला. सहरीला आम्ही त्यांच्या सोबतीला उठलो. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि घड्याळाकडे पाहिले. वेळ संपायला सात मिनिटे होती. आमच्या मोबाईलमध्येही सातच होती.